उठल्यावर एक गोळी

आमच्या बापाच्या अंगावरून वारं गेलं तेव्हा तो ओटीवर बसून दाढी करत होता. वस्तरा हातातून गळाला, तोंड वाकडं झालं, आणि पुढं तो बोललाच नाही. म्हणून नव्वद सालाच्या सुमारास डॉक्टरांनी माझ्या दंडाला पट्टी बांधून "बीपी वाढलंय" म्हटलं, तेव्हा मला आधी तो वस्तरा दिसला.

"उठल्यावर एक गोळी. चुकवायची नाही," ते म्हणाले. मी चौथीपर्यंत शिकलेला, पण सांगितलेलं काम चोख करणारा. एकदाही चुकवली नाही.

भिवंडीत लूमच्या कारखान्यात मी जॉबर होतो. लूम बिघडला की दुरुस्त करायचा. एक हप्ता दिवसपाळी, एक हप्ता रातपाळी. शुक्रवारी लाईट बंद म्हणून कारखाना बंद, शनिवारी पाळी बदलायची. गोळी सुरू झाल्यावर पहिल्यांदाच पाळी बदलली त्या शनिवारी शेलार गावातल्या घरी सकाळी उठलो, गोळी घेतली. रातपाळी होती म्हणून जेवून झोपलो. दिवस कलताना उठलो. उठल्यावर एक, म्हणून आणखी एक घेतली आणि ड्युटीवर गेलो.

पाळी नुकती लागली होती. एका लूमखाली उकिडवा बसून बोल्ट आवळला आणि झटक्यात उभा राहिलो. डोळ्यांपुढं अंधार. खडखडाट लांब गेला, विहिरीतून यावा तसा. बाजूलाच मोटारीचा पट्टा फिरत होता. त्या पट्ट्यानं एकाचा हात नेलेला मी पाहिला होता. आपण त्याच अंगाला झुकतोय हे कळत होतं, पण पाय माझे राहिले नव्हते. मागून विणकरानं कॉलर धरून खेचलं.

"चाचा! पी के आये हो क्या?"

"तेरे बाप ने पिलायी," मी म्हटलं.

गोळीच वैरी, असं मी ठरवलं. दुसऱ्या दिवसापासून बंद. बायको विचारी, "अहो, गोळी?"

"बरा हाय मी. गप."

बरा कसला? मान जड झाली. बिडी पेटवताना बोटं थरथरली की वाटे, आलं वारं. घेतली तर पट्टा, न घेतली तर वस्तरा. सांगायचं कुणाला? आरशापुढं ओठ ताणून तोंड सरळ आहे का बघत होतो, तर बायकोनं पाहिलं.

"पुन्हा नवरदेव व्हायचंय का? चला डॉक्टरकडं."

डॉक्टरांनी बीपी मोजलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "बंद कुणाला विचारून केलीत?"

"मला विचारून. तुमच्या गोळीनं मी पट्ट्यात जात होतो."

"घेत होता कधी?"

"उठल्यावर. तुम्हीच सांगितलंत."

"उठता किती वाजता?"

"कुठल्या हप्त्यात?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मी शनिवारचं सगळं सांगितलं.

"म्हणजे एका दिवसात दोन झाल्या! बीपी फार खाली गेलं, म्हणून अंधारी आली. अहो, ती झोपेवर नाही, घड्याळावर घ्यायची. दोन्ही हप्त्यांत जागे असता अशी वेळ कुठली?"

"संध्याकाळचे सात. पाळी बदलते तेव्हा."

"मग सातच. एखादी राहिली तर पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत. चक्कर आली तर मनानं बंद करायची नाही, इथं यायचं. आणि खालून उठताना धरून, थांबून उठायचं."

पुढच्या रातपाळीच्या शनिवारी दुपारची झोप झाली आणि हात आपसूक गोळ्यांच्या डबीकडं गेला. बायकोनं डबीवर तळवा ठेवला. "सात वाजू द्या."

"तोवर मेलो तर?"

"तर मी बघून घेईन. चहा प्या."

सातला कारखान्यातल्या माठापाशी गोळी घेतली. पहिलाच लूम बंद पडला तो पट्ट्याकडचा. खाली बसलो, बोल्ट आवळला, आणि उठवेना.

"चाचा, सो गये क्या?"

लूमची चौकट धरून मी एक गुडघा वर घेतला. थांबलो. मग उभा राहिलो. अंधार आला नाही. तरी चौकटीवरचा हात किती तरी वेळ सुटेना.