मांजरीतला समुद्र

मच्छिंद्र घुले पुण्याजवळच्या मांजरी गावचा. घरचा ऊस होता, पण भावाभावांत वाटण्या झाल्यावर त्याच्या हाती उरलं त्यात संसार भागण्यासारखा नव्हता. म्हणून तरुणपणीच तो एसटीत ड्रायव्हर म्हणून लागला. स्वारगेटहून हर्णैला जाणारी वस्तीची गाडी त्याने वर्षानुवर्षं चालवली. संध्याकाळी तिकडे मुक्काम, सकाळी परत. गाडी सुटायच्या आधी तो पँट गुडघ्यापर्यंत दुमडून किनाऱ्यावरच्या खडकांत जाऊन उभा राहायचा. ओहोटीनंतर खळग्यांत पाणी साचून राहतं. त्यात बोटाएवढे मासे, गोगलगाई, खेकड्यांची पिल्लं. कंडक्टर हाका मारून दमायचा.

रिटायर झाला तोवर उसाच्या जागी इमारती उभ्या राहिल्या होत्या. त्यातल्याच एका फ्लॅटमध्ये तो आणि बायको कुसुम राहायला आले. दोन्ही मुली आपापल्या घरी सुखात. मच्छिंद्रला दिवस जाता जाईना. त्याने स्वयंपाकघरातल्या डब्यांच्या जागा बदलायला सुरुवात केली, तेव्हा कुसुमने त्याला सरळ सांगितलं की स्वतःचं काहीतरी काम शोधा, माझ्या डब्यांना हात लावू नका.

त्याने शोधलं ते असं. शहरात काही कामानिमित्त गेला असताना माशांच्या एका दुकानात त्याला खाऱ्या पाण्याची छोटीशी टाकी दिसली. घागरीत मावेल एवढंच पाणी. पण त्यात खडक होता, खडकावर शर्टाच्या बटणाएवढी हिरवी फुलं उघडमीट करत होती आणि एक नारिंगी मासा त्यांच्याभोवती फिरत होता. मच्छिंद्र पुष्कळ वेळ नुसता बघत राहिला. ती फुलं नव्हेत, मऊ प्रवाळ आहेत, जिवंत प्राणी आहेत, हे दुकानदार अनंत पटवर्धनने सांगितलं. समुद्रातून उपटून आणलेले नाहीत, टाकीतच वाढवलेले आहेत, हेही सांगितलं.

छोटी टाकी सोपी असेल, असं मच्छिंद्रला वाटलं. अनंत म्हणाला की उलट आहे. मोठ्या टाकीत चूक पचते, छोटीत एका दिवसात अंगाशी येते. पाणी आरओचंच हवं, त्यात समुद्री मीठ मोजून विरघळवायचं, आधी वाळू आणि खडक ठेवायचे आणि मग थांबायचं. माशांची घाण पचवणारे जंतू खडकात वाढल्याशिवाय मासा सोडायचा नाही.

"किती थांबायचं?" मच्छिंद्रने विचारलं.

"पाणी तयार होईपर्यंत. घाई असेल तर मागच्या फळीवर प्लॅस्टिकचे मासे आहेत."

मच्छिंद्र हसला आणि टाकी घेऊन आला.

मग कित्येक आठवडे त्या टाकीत नुसते दगड होते. जन्मभर वेळापत्रकावर चाललेला माणूस रोज पाणी तपासायचा आणि रोज थांबायचा. पाहुण्या बायका कुसुमला विचारायच्या की यात काय आहे, आणि ती म्हणायची, "दगड हायेत. हे पाळतात."

शेवटी पाणी तयार झालं. आधी गोगलगाई आल्या, मग प्रवाळाचा लहानसा तुकडा, आणि सगळ्यात शेवटी एक नारिंगी मासा. मासा आला त्या दिवशी कुसुमही स्टूल ओढून बसली, आणि भाजी करपल्याचा वास आला तेव्हाच उठली.

एप्रिलमध्ये ऊन तापलं. पाणी गरम होऊ नये म्हणून मच्छिंद्रने टाकीच्या तोंडाशी छोटा पंखा लावला. पाणी थंड राहिलं, पण भराभर उडायला लागलं. कमी झालं की तो त्याच मापाचं मिठाचं पाणी करून वर घालायचा. आठवडा झाला नाही तोच प्रवाळाची फुलं मिटली. मासा एका कोपऱ्यात जाऊन बसला. खारटपणा मोजायची नळी डोळ्याला लावली तर आकडा भलताच चढलेला. मीठ तर तो काटेकोर मोजून घालत होता. मग चढलं कसं, त्याला समजेना. त्या दुपारी त्याला जेवण गेलं नाही.

कुसुमने त्याचं सगळं ऐकून घेतलं. पंख्याकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं.

"अहो, आमटी आटली तर आपण तिच्यात पुन्हा मीठ घालतो का? नुसतं पानी घालतो. पानी उडून जातं, मीठ हाय तिथंच राहतं."

मच्छिंद्र ताडकन उठला. त्याने अनंतला फोन लावला. अनंत म्हणाला, बरोबर आहे, उडालेल्या पाण्याच्या जागी आरओचं गोडंच पाणी घालायचं. हे त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पण ते कुणी ऐकलं नसावं. एकदम मात्र ओतू नका, हळूहळू घाला. मच्छिंद्र त्या संध्याकाळपासून वाटीभर खारं पाणी काढून वाटीभर गोडं घालत राहिला. दोन-तीन दिवसांनी मासा कोपऱ्यातून बाहेर आला. प्रवाळाने जास्त वाट बघायला लावली. आधी कडेचं एक फूल उघडलं, मग दुसरं, आणि महिना सरता सरता सगळा तुकडा पुन्हा हिरवागार फुलला.

आता पाणी वर घालायचं काम कुसुमकडे आहे. सकाळचा चहा झाला की ती तांब्या घेऊन येते, काचेवर पेनने मारलेल्या रेघेपर्यंत पाणी भरते आणि माशाशी दोन शब्द बोलते. काय बोलते ते मच्छिंद्रला ऐकू येत नाही. तो शेजारी बसून काचेवरचं शेवाळ पुसत असतो.