धोंड्याच्या महिन्यातला जाम टर्बो

धोंड्याच्या महिन्यात जावयाला विष्णू मानावं, हे ज्यानं कुणी ठरवलं, त्यानं विष्णूनं दिवसभर करायचं काय हे मात्र सांगून ठेवलेलं नाही. सकाळी पाय धुऊन झाले, कुंकू लागलं, नवा टॉवेल खांद्यावर आला. मग राणीसावरगावातल्या सासरच्या ओसरीत, कूलरसमोरच्या खुर्चीत मला बसवून सगळे आपापल्या कामाला निघून गेले. ऊन असं, की कुत्रीसुद्धा ट्रॉलीखाली जाऊन पडलेली. मी पेपर वाचला. जाहिराती वाचल्या. कूलरमध्ये पाणी किती आहे ते बघून आलो. परत बसलो. वारा थोडा वाढवावा म्हणून बटण फिरवलं, तर ते बटणच हातात आलं. ते हळूच खिशात टाकलं आणि उठलो.

पूर्णेला माझं स्टेशनरीचं दुकान आहे, म्हणजे बसणं हाच माझा धंदा. पण गिऱ्हाईक नसलं की माझे हात वळवळतात. पेन, स्टेपलर, भिंतीवरचं घड्याळ, एकदा तर झेरॉक्सचं मशीन. उघडायला मला सगळंच येतं. बंद करायला मात्र मिस्त्री बोलवावा लागतो.

अंगणात लिंबाखाली माझा मेहुणा गाडीचं बॉनेट उघडून उभा होता. गाडी जुनी, डिझेलची, त्याच्या एकट्याच्या कष्टाची. दुसऱ्या दिवशी सकाळी ती परभणीला एका कार्यालयात दाखवायची होती. साहेब लोकांना फिरवायला कार्यालयाला वर्षभरासाठी भाड्यानं गाडी लावायची होती. गाडी पसंत पडली, तर मेहुणा गावात राहून कमावणार. नाही पडली, तर पुण्याला जाऊन दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर होणार. पुण्याच्या त्या मालकाला त्यानं ‘परवा सांगतो’ म्हणून कसाबसा थांबवून ठेवला होता. सासऱ्यांना हा एकच मुलगा.

नेमकी आत्ताच गाडी चढाला दम सोडायला लागली होती आणि मागून काळा धूर. गंगाखेडच्या मिस्त्रीनं सांगितलं होतं, टर्बोच्या आतल्या पात्या काजळीनं अडकल्यात, खोलून साफ केल्या की झालं. पण आठवडाभर त्याला सवड नव्हती.

“खोलायचंच आहे ना फक्त?” मी विचारलं.

मेहुण्याच्या तोंडावर काळजी उमटली. “दाजी, तुमी बसा की. धोंड्याचा महिना हाय. तुमाला हात काळे करू दिले तर आई मला घरात घेणार न्हाई.”

“काम कोण करतंय? मी नुसता बघतो.”

हे ‘नुसता बघतो’ माझ्या बायकोच्या कानावर गेलं असतं तर ती धावत आली असती. पण ती आत पुरण वाटत होती.

टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. त्याच जोरावर तो इंजिनात हवा कोंबतो. धुराच्या बाजूला त्या पंख्यावर बिडाचं एक जड घर बसवलेलं असतं, अगदी शंखाच्या आकाराचं. मेहुण्यानं सगळा टर्बो इंजिनापासून सोडवून बाजेवर आणून ठेवला. मी मोबाइलवर व्हिडिओ लावून सूचना देत होतो. व्हिडिओतला माणूस कुठल्या देशाचा कोण जाणे, त्याचं बोलणं मला समजत नव्हतं आणि त्याची गाडीही वेगळी होती. पण त्याच्या हातात तो शंख चटकन निघाला, एवढं मी नीट पाहिलं.

तेवढ्यात सासऱ्यांनी मेहुण्याला मोटार सुरू करायला विहिरीवर पाठवलं. मी पाना घेतला आणि शंखाचे बोल्ट एकट्यानंच काढून टाकले. मग शंख ओढला. हलला नाही. डिझेल ओतलं. हलला नाही. हातोडा आणला.

दुपारभर मी तो शंख बडवला. आधी हळू, मग जोरात, मग शिव्या देत. सासूबाई मधूनच ताक आणून देत आणि “लय ऊन हाय हो” एवढंच म्हणत. मेहुणा विहिरीवरून आला. टर्बोकडं बघितलं, वाकून आणखी बघितलं, आणि माझ्याकडं बघितलं.

“दाजी, एक इचारू का? रागावणार नसलात तर.”

“विचारा की.”

त्यानं टॉवेलानं तोंड पुसलं. “न्हाई. ऱ्हाऊ द्या.”

बायको बाहेर आली ती हसतच. “वा! विष्णूच्या हातात शंख! आता तेवढं चक्र आणि गदा राहिली.”

“गदा मारूनच चाललोय,” मी म्हणालो आणि हातोडा हाणला.

मेहुण्यानं डोळे मिटून घेतले. तो हातोडा जणू त्याच्याच बरगडीत बसत होता. उन्हं कलायला लागली होती. बाजेभोवती त्याच्या येरझाऱ्या सुरू झाल्या. लिंबापर्यंत जायचा, मोबाइल काढायचा, वेळ बघायचा, परत यायचा, तोंड उघडायचा, मिटायचा. सासरेही दारात येऊन उभे राहिले, वाकून बघितलं, खाकरले आणि आत गेले. मला वाटलं, हे सगळे माझ्या चिकाटीवर खूश आहेत. माणसानं किती गैरसमज करून घ्यावा!

मग मला आठवलं, लोखंड तापवलं की फुगतं आणि सुटतं. अंगणातल्या चुलीवर पुरणाचं पातेलं होतं. सासूबाईंना मी ते जरा उतरवायला सांगितलं. जावयाला नाही म्हणायचं नाही, म्हणून त्यांनी उतरवलं. मी टर्बोच्या हवेच्या बाजूला ओलं फडकं गुंडाळलं, कारण व्हिडिओतल्या माणसानंही तसंच काहीतरी केलं होतं, आणि शंखाची बाजू जाळावर धरली. दुपारभर मीच त्याला डिझेलची अंघोळ घातलेली आहे, हे तेवढं माझ्या ध्यानात नव्हतं.

भक्कन जाळ झाला. टर्बो चुलीशेजारी टाकून मी मागं उडी मारली ती थेट सासूबाईंच्या पाण्याच्या घागरीवर. उजवी भुवई गेली, मिशीचा एक काठ गेला. सासूबाई म्हणाल्या, “अगं बाई, धोंड्याच्या चुलीवर काय शिजवायलेत हे!” आणि बायको, जिला इतका वेळ हसू आवरत नव्हतं, ती एकदम गंभीर झाली.

“लागलं का?”

“नाही.”

“मग ऐका.” ती भावाकडं वळली. “तू सांग की रे त्यांना! तोंडात गूळ धरलाय का?”

“कसं सांगू? पाव्हणे हायत. त्यात धोंडा.”

“उद्या तुला पुण्याला जायचं हाय का?”

तेव्हा मेहुण्यानं तोंड उघडलं. त्याचा आवाज एवढा मोठा असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. “दाजी, उठा तिथनं! एक बोल्ट तसाच हाय! तो खालचा, काजळीत बुडालेला! दुपारपासनं तुमी बोल्ट लावून बडवायलात!”

मी वाकून बघितलं. होता. काडीनं काजळीचा गोळा बाजूला केला तर तिथं बोल्टचं डोकं शांतपणे बसलं होतं.

“दुपारी विचारणार होतात ते हेच?” मी विचारलं.

“हेच.”

“आणि मामांनी बघितलं तेव्हा?”

“बाबांनी तर आल्या आल्या बघितलं. मला म्हणले, पाव्हण्याला म्हणायचं कसं?”

विष्णूला चूक दाखवायची नसते, म्हणून अख्खं घर दुपारभर आपल्या पोटच्या पोराचं भविष्य हातोड्याखाली जाताना बघत राहिलं होतं. माझं तोंड जाळानं लाल झालं होतं ते बरंच झालं. लाज वाटली तरी रंगात फरक दिसला नसता.

मेहुण्यानं तो बोल्ट काढला. बोल्ट निघाला म्हणून शंख निघाला, असंही नाही. मी एकाच बाजूनं हाणून हाणून तो तिरपा अडकवला होता. शंख अजून गरम होता. मेहुण्यानं लाकडाचा तुकडा मध्ये धरून गोल फिरत चारी बाजूंनी ठोकायला सुरुवात केली. हळू. माझ्याच्यानं ते हळू बघवेना. मी बाजेचा काठ धरून उभा राहिलो, सोडला, परत धरला. मग कर्र असा बारीक आवाज आला आणि शंख केसभर सरकला. पुन्हा ठोकलं. सुटला.

आत पात्या काजळीनं दातखीळ बसल्यासारख्या मिटलेल्या. नशिबानं वाकलेली एकही नव्हती. ब्रश आणि डिझेल घेऊन मेहुण्यानं त्या मोकळ्या केल्या आणि टर्बो परत जागेवर बसवला. मला बॅटरी धरायचं काम मिळालं, तेही “दाजी, हालवू नका” अशा तंबीसकट. दिवेलागणीला गाडी सुरू झाली. धूर आधी काळा आला, मग फिका, मग दिसेनासा झाला. तरी मेहुण्याला करमेना. माळापर्यंत चढावर दोनदा नेऊन आणली.

सकाळी तो परभणीला गेला. मला पाटावर बसवलं, पानाभोवती रांगोळी, पानात तुपात बुडालेले पुरणाचे धोंडे, आणि कपाळावर एकच भुवई. मी धोंडा नुसताच कुस्करत होतो. सासरे मोबाइल मांडीवर ठेवून बसलेले. चार्जिंग बघायचे, उलटा ठेवायचे, सुलटा करायचे. कुणी फोन करायचा नाही, कारण पोरगा गाडी चालवत असेल. आणि कुणाला दुसरं काही सुचतही नव्हतं.

फोन वाजला तो एकदाचा. सासऱ्यांनी स्पीकर लावला.

“बाबा, घेतली गाडी. एक तारखेपासनं.”

सासरे “बरं” म्हणाले. मग थोड्या वेळानं पुन्हा “बरं” म्हणाले.

सासूबाई ओरडल्या, “आधी त्या पुण्याच्या माणसाला फोन लाव, बिचारा वाट बघत आसंल!” आणि लगेच दारामागं गेल्या. तिथं एक फुगलेली बॅग उभी होती. ती मला तेव्हाच पहिल्यांदा दिसली. पोरगा काही म्हणायच्या आधीच त्यांनी ती भरून ठेवली होती. त्यांनी तिथंच जमिनीवर बसून ती रिकामी करायला घेतली. चादर निघाली, स्वेटर निघाला, लोणच्याची बरणी निघाली. बाजूच्या खिशाची चेन मात्र अडकली. त्यांनी दोनदा ओढली. मी पानावरून उठलो.

“द्या इकडं, मी—”

“पाव्हणे, बसा!” सासरे, सासूबाई आणि बायको एकदम म्हणाले.

मी बसलो. आणि जेवलो.