बॅग पहिले, गाव मंग

भंडाऱ्याच्या बाजारात मी दोन मोठे बक्कल निवडले, पर्समध्ये टाकले आणि फोन वाजला. बक्कल वहिनीनेच मागवले होते. आदल्या संध्याकाळी तिचं फर्मान आलं होतं, "सुनंदाबाई, येतानी दोन बक्कल आणजा. मोठे, काळे. लेकरांच्या दप्तराचे नका आणजा." कोणासाठी, असं विचारलं तर म्हणाली, "पाह्यजा मंग." फोन तिचाच असणार असं धरून मी आधीच सुरू झाले, "घेतले गं बाई, काळेच घेतले." पलीकडे दादा होता. माझा थोरला भाऊ, वहिनीचा नवरा. दादा स्वतःहून कधी कोणाला फोन लावत नाही. "सुनंदा," तो म्हणाला, "ये तू..." आणि फोन ठेवून दिला.

जन्मभर शिवत आलेली बाई मशीनवर बसल्या बसल्या गेली असं लिहिता आलं असतं तर लेख शोभून दिसला असता. पण वहिनीला शोभेचं काही जमायचं नाही. ती गेली सिहोऱ्याच्या घरी, अंगणात लाखोळीची भाजी खुडता खुडता. हृदय थांबलं, एवढंच डॉक्टर म्हणाले. आज काही आठवडे झाले. लिहायला बसले की पहिल्यांदा हुंदका येतो, आणि मग तिचा एखादा उद्योग आठवतो आणि हसू फुटतं. शेवटी हसूच जिंकतं. मी ते जिंकू देते.

एकोडीच्या माहेराहून लग्नात तिच्यासोबत मशीन आलं. ब्लाउज, परकर, उशांचे अभ्रे, गावाने जे दिलं ते ती शिवायची, पण तिचं मन त्यात नव्हतं. तिला फिरायचं होतं. मी तेव्हा नुकतीच शाळेत लागले होते, आणि आम्हा शिक्षिकांचं आंबागडच्या किल्ल्यावर जायचं ठरत होतं. "वहिनी, तू पण चल," म्हटलं तर तिला पाठीवरची बॅग हवी झाली. दादा म्हणाला, कापडी थैली काय कमी आहे? "हात मोकळे पाह्यजेत," ती म्हणाली. "जल्मभर हातात काही ना काही हायेच." आम्ही तुमसरच्या एका दुकानात गेलो. वहिनीने टांगलेली बॅग काढली, सरळ उलटी केली आणि आतली शिवण नखाने टोकरू लागली. दुकानदार कावला, "घ्याची हाय का नाई, बाई?" वहिनी म्हणाली, "पोरगी पाह्याले गेलं तं घर आतून पाहते माणूस. हा टाका पाह्य भाऊ, कसा पळत सुटला हाय." बॅग त्याच्या हातात देऊन ती बाहेर पडली. घरी आल्यावर तिने धानाचं तागाचं पोतं ओढून काढलं.

पोतं तिने उलटवून झटकलं, धुतलं, कापलं आणि त्याची पाठीवरची बॅग शिवली. ती घेऊन आम्ही श्रावणात आंबागड चढलो. पाऊस असा की आम्ही चिंब, बॅग आमच्याहून चिंब. वहिनीला मात्र दोन्ही हात मोकळे असल्याचा इतका आनंद, की ती चढभर हात नुसते हलवत होती. परतल्यावर तिने ओली बॅग स्वयंपाकघरामागच्या खुंटीला अडकवली आणि विसरली. आठवड्याने दादाची हाक आली, "अवं, भायेर ये! तुह्या बॅगेले परे फुटले!" खरंच फुटले होते. शिवणींच्या दुमडीत राहिलेलं धान भिजून अंकुरलं होतं आणि खिशाच्या कडेने धानाची हिरवी रोपं डुलत होती. दादाने अख्खी गल्ली गोळा केली. "रोवनी संपत आली, पन एक बांदी राहिली म्हना," कोणीतरी म्हणालं. वहिनी लाजली, रागावली, आणि मग डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. दादाने मात्र ती रोपं हलक्या हाताने उपटली आणि शेतातल्या एका बांदीच्या कोपऱ्यात नेऊन रोवली. धान कापताना त्या कोपऱ्यातल्या लोंब्या त्याने वेगळ्या बांधल्या आणि दारावर टांगल्या. येईल त्याला सांगायचा, "हे आंबागडचं धान." दादाचं प्रेम असंच, थट्टेच्या वाटेने येणारं.

त्यानंतर वहिनीने पोत्याला हात लावला नाही. मोडक्या छत्र्यांचं कापड, ताडपत्रीचे तुकडे, फाटक्या रेक्झिनच्या पिशव्या यांच्यावर तिची नजर फिरू लागली. आमच्याकडे छत्री मोडली की लोक आधी वहिनीचं नाव काढायचे. एका अख्ख्या छत्रीचं कापड तिने बॅगेवर पावसाची टोपी म्हणून चढवलं, टोकाच्या भोकासकट. गोधडीचं अस्तर लावून डब्याची थैली केली, तिच्यात भाकर दुपारपर्यंत कोमट राही. जुन्या लुगड्यांची झोपायची खोळ केली. पट्ट्यांना काय वापरावं, हा प्रश्न उरला होता. दुकानातल्या पट्ट्या खांद्यात रुततात, असं तिचं म्हणणं. एके दुपारी दादा खाटेवर आडवा झाला आणि मधोमध खड्ड्यात गेला. "आज खाट ढिली काहून लागून रायली?" वहिनी मशीनवरून मान वर न करता म्हणाली, "तुमी तं येत नाई कुठी. तुमची खाट तरी येऊ द्या." खाटेची नवार काढून तिने पट्टे केले होते. तेव्हापासून तिच्या प्रत्येक बॅगेला नवारीचेच पट्टे. कुठल्याही स्टेशनावर गर्दीत मी ते पांढरे पट्टे पाहून तिला शोधायचे.

प्रवासाची तिची रीत उलटी होती. आपण आधी गाव ठरवतो. ती म्हणायची, "बॅग पहिले, गाव मंग. बॅग शिवून झाली म्हन्जे जावाच लागते, खुंटीवर टांगून टांगून काय करता?" आणि बॅग ज्याची त्याच्या मापाची. सुतळीने पाठ मोजायची, मानेच्या हाडापासून कमरेपर्यंत, आणि गाठ मारायची. माझी पाठ मोजताना दर वेळी म्हणायची, "आखूडच हाय हो बाई तुमी." तिने गल्लीतल्या किती जणांच्या पाठी मोजल्या असतील. एक दादा तेवढा हाताला लागला नाही. सुतळी दिसली की तो उठून गोठ्यात जायचा. आधी म्हशींची सबब होती, मग पाण्याच्या पाळीची. म्हशी विकल्या, माझ्या भाच्याने, म्हणजे त्यांच्या मुलाने, शेती हातात घेतली, तरी "घर कोन पाहीन?" हे होतंच. वहिनी माझ्यासोबत हसत निघायची, पण गाडी सुटली की मागे पडणाऱ्या गावाकडे पाहत बसायची. मग म्हणायची, "एक डाव तरी संग याले पाह्यजे होते." तेवढी एकच खंत तिला होती, आणि ती लपवत नसे.

जगन्नाथपुरीला निघालो तेव्हाची गंमत सांगायलाच हवी. चोरांच्या भीतीने तिने बॅगेत चोरखिसा शिवला होता आणि त्यात आमची तिकिटं ठेवली होती. टीसी आले. वहिनीने हात घातला, फिरवला, बॅग उलटी केली, पुन्हा सुलटी केली. खिसा इतका बेमालूम शिवला होता की तो तिलाच सापडेना. "तिकीट हाय साहेब," ती घाम पुसत म्हणाली, "खिसा सापडून नाई रायला." डब्यातली माणसं सल्ले देऊ लागली, टीसी स्वतः खाली बसून अस्तर चाचपू लागले. शेवटी शिवण उसवावी लागली. तिकिटं पाहून झाल्यावर टीसींनी विचारलं, असली बॅग मिळेल कुठे? वहिनीने तिथेच त्यांची पाठ मोजून घेतली.

पुरीला तिने समुद्र पाहिला. खूप वेळ पाहिला. परत आल्यावर दादाला म्हणाली, "अवो, तलावाले दोन काठ असतात. त्याले एकच हाय." दादाने चांदपूरच्या तलावाकाठी जन्म काढलेला. तो म्हणाला, "एका काठाचा तलाव असतेच नाई. तुह्या चश्म्याचा नंबर वाढला असन." पुढे कित्येक वर्षं हा वाद जेवताना चालला. "चला, दाखवते." "पानी तं पानीच असते, दाखवाचं काय त्यात?" मी दोघांकडे पाहत वरण ओरपायचे.

मागच्या दिवाळीत मी सिहोऱ्याला होते. दुपारी दादा अंगणात खाटेवर पालथा झोपला होता, आणि वहिनी त्याच्या पाठीवर वाकून काहीतरी करत होती. मी दारात आले तशी ती दचकली, हात मागे घेतला. "माशी होती," म्हणाली. मला वाटलं, या वयातही नवऱ्याच्या अंगावरची माशी वारते, आणि मी तिला त्यावरून दिवसभर चिडवलं. तीही चिडवून घेत राहिली.

तेरवी झाल्यावर मी भंडाऱ्याला परतले, पण जीव दादात अडकला होता. भाचा फोनवर सांगे, बाबा खाटेवरून उठत नाहीत, शेतावर जात नाहीत, विचारलं तेवढंच बोलतात. मला भीती वाटू लागली की हा आता असाच संपेल. परवाच्या रविवारी गेले. दादा खाटेवर बसला होता, खाटेचाच भाग असल्यासारखा. मी मशीनवरची चादर काढली. खाली हिरव्या ताडपत्रीची नवी बॅग होती. एक पट्टा लावलेला, दुसऱ्याच्या जागी खडूची खूण. माझ्यासाठीच शिवत होती, असं वाटून मला रडू आलं. तशीच ती पाठीवर चढवली आणि अंगणात आले. बॅग कमरेच्या पार खाली, मांडीवर आपटत होती.

दादाने पाहिलं. कितीतरी दिवसांनी आपणहून बोलला, "तुले मोठी हाय."

"मोठी आहे..." मी म्हणाले, आणि मला ती माशी आठवली. मी ती दुपार त्याला सांगितली. वहिनी त्याच्या पाठीवर वाकलेली, हात मागे लपवलेला. दादा ऐकत राहिला. त्याचा हात आपोआप मानेच्या हाडाकडे गेला.

"झोपेत मोजलं म्हन्ते का मले?" तो म्हणाला. आणि हसला. हसता हसता रडला, मीही रडले, लपवायचं कोणापासून?

मग तो उठला. खाटेच्या पायथ्याकडची नवार सोडली, हात-दीड हात कापली आणि मला म्हणाला, "दाभन आण, सुतळी आण. मशीन मले येत नाई. पोत्याचं तोंड शिवता येते." आमच्याकडे धानाची पोती शिवतात तसा, मोठमोठ्या टाक्यांनी, त्याने पट्टा शिवला. मी पर्समधून बक्कल काढून दिले. त्याने बॅग पाठीवर घेतली. मानेच्या हाडापासून कमरेपर्यंत, कुठे बोटभर कमी नाही की जास्त नाही. मी म्हटलं, "दादा, बॅग शिवून झाली." पुढचं वाक्य त्याला पाठ होतं.

बॅग आता त्याच खुंटीला टांगली आहे, जिच्यावर कधी धान उगवलं होतं. एका खांद्याला वहिनीचा बारीक टाका, दुसऱ्याला दादाचा पोत्याचा. होळी झाली की आम्ही तुमसर रोडहून पुरीची गाडी धरणार आहोत. दादा म्हणतो, दुसरा काठ असणारच, तो शोधून दाखवीन. काल त्याचा फोन आला. या खेपेलाही त्यानेच लावला होता. बॅगेत काय काय भरलं ते सांगून झालं, आणि ठेवता ठेवता म्हणाला, "तिकिटं तुह्याजवळच ठेवजो. माह्याही बॅगेत तिनं कुठीतरी चोरखिसा शिवला असन... मले अजून सापडून नाई रायला."