भिंगरीला उड्या शिकवणारा घरातच निघाला

मंडळी, आज घरातल्याच माणसानं दगा दिला.

आमची भिंगरी अर्धी पामेरियन, अर्धी गावठी. एवढीशी आहे, पण दिवसभर अंगावर उड्या. तिला दमवायला मी रोज सकाळी चेंडू फेकते. घरात सगळ्यांना नियम घालून दिला, तिनं उडी मारली की पाठ फिरवायची, बसली की मुरमुरे द्यायचे. तरी सुधारणा शून्य!

आज ऑफिसातून लवकर आले, तर अंगणात मामाजी, म्हणजे माझे सासरे, छाती थोपटून तिला म्हणत होते, "कूद बेटा, कूद!" ती उडी मारायची आणि हे माझ्याच डब्यातले मुरमुरे भरवायचे. मला बघताच भिंगरी शहाण्यासारखी खाली बसली. म्हणजे बाईंना सगळं येत होतं!

मी भडकले. "मामाजी, मंग मी कायले एवढी मरून राहिली?"

ते शांतपणे म्हणाले, "उडी मारली का पाठ फिरवाची, मालूम हाये मले. माह्याकडं त तुमी सारे, म्या उडी न मारताच, पाठ फिरवून राहिले. मले पाहून हे एकटीच उडते."

राग अजून गेलेला नाही. लपवायला उचललेला मुरमुऱ्यांचा डबा मात्र मांडीवरच आहे. कुठे ठेवू, सांगा.