कुलूप काढणाऱ्या रुक्साना आपा

रुक्साना आपांनी मला पहिल्या दिवशी नाव, गाव, शिक्षण यातलं काहीच विचारलं नाही. टेबलावरच्या एका कपाकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "हे कुणाचं?"

"माहीत नाही," मी म्हणाले.

"माहीत नाही, तर हात कशाला लावलास?"

लॅपटॉप ठेवायला जागा हवी म्हणून मी तो अर्धा भरलेला कप बाजूला सरकवला होता. पुण्यातली नोकरी सोडून, बाळंतपणानंतर तीन वर्षांनी मी पुन्हा कामाला उभी राहत होते. आधीच धास्तावलेली. माझा चेहरा पाहून आपा एवढ्या मोठ्यांदा हसल्या, की खालच्या मजल्यावरच्या मागांची खडखड क्षणभर ऐकू येईनाशी झाली.

"घाबरू नको गं. चहा माझाच हाय. पण विचारायची सवय लागू दे. इथं सगळं काम या एका प्रश्नावर चालतं."

आमचं ऑफिस सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत, एका टॉवेलच्या कारखान्याच्या माडीवर होतं. कारखाना श्रीनिवास अण्णांच्या वडिलांचा, माडीवरची कंपनी अण्णांची. तेलुगू विणकर घराण्यातला हा माणूस सूत सोडून राऊटर बनवायला लागला होता. एखाद्या कारखान्यातली सगळी यंत्रं एकमेकांशी आणि बाहेरच्या जगाशी जोडणाऱ्या पेट्या. त्या पेट्यांत चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम मात्र आमची नव्हती. जगभरातल्या हौशी लोकांनी मिळून लिहिलेली, कुणालाही फुकट वापरता येणारी. आपा त्या लोकांपैकी एक होत्या. तिकडे त्या नुसतं 'आर. शेख' अशी सही करत. त्यामुळे परदेशातली मंडळी त्यांना 'मिस्टर शेख' म्हणून लिहीत. "खरं सांगा ना त्यांना," मी एकदा म्हणाले. "कशाला? घरात पण सगळे मला साहेबच म्हणतात की," आपा म्हणाल्या.

आपांचे वडील ट्रक चालवायचे. मुलीनं इंजिनिअर व्हावं ही त्यांचीच हौस. पंचावन्नच्या आसपासच्या आपा स्कूटरवरून यायच्या, डोक्यावरचा दुपट्टा हेल्मेटखाली कोंबलेला असायचा. आल्या आल्या फुलपात्रभर पाणी पिऊन त्या जे बोलायला लागायच्या, ते संध्याकाळपर्यंत. मराठीत सुरू झालेलं वाक्य दखनीत संपायचं. रागावल्या की मात्र शुद्ध मराठी बोलायच्या. आपा 'कृपया' म्हणाल्या की आम्ही समजून जायचो, आता खैर नाही.

मी आले तेव्हा अण्णांना एक मोठं काम मिळालं होतं. अकलूजकडच्या एका साखर कारखान्याला नव्या पेट्या हव्या होत्या. उसाच्या गाड्या वजन करायचा काटा, गाळप, गोदाम, ऑफिस, सगळं एका जाळ्यात. अण्णांनी हौसेनं चार प्रोसेसरची पेटी आणली आणि चाचणी घेतली, तर ती एका प्रोसेसरच्या जुन्या पेटीपेक्षा जेमतेम वेगानं चालली. अण्णा हबकले.

"आपा, चार डोकी हायत आत, मग काम एकाचंच कसं?"

"अण्णा, तुम्ही चार विणकर बसवलेत, पण धोटा एकच दिलाय. एक जण तो फेकतोय, बाकीचे तिघं त्याच्याकडं बघत बसलेत."

धोट्याशिवाय आडवा धागा ओवता येत नाही, हे विणकराच्या मुलाला आणखी समजावायची गरज नव्हती. ती सिस्टिम लिहिली गेली तेव्हा यंत्रात प्रोसेसर एकच असायचा. पुढे अनेक आले, तेव्हा गोंधळ नको म्हणून नेटवर्कच्या सगळ्या कारभाराला मिळून एक मोठं कुलूप लावलं गेलं. ज्या प्रोसेसरच्या हातात किल्ली, त्यानंच आत जायचं. सुरक्षित होतं, पण संथ.

"मग काढून टाका ते कुलूप," अण्णा म्हणाले.

"काढते की. पण त्या कुलपाच्या भरवशावर आत लोकांनी काय काय उघडं टाकलंय, ते आधी बघू दे."

आमचं काम सुरू झालं. नेटवर्कचा एकेक भाग उघडायचा आणि आतल्या प्रत्येक गोष्टीला तोच प्रश्न विचारायचा. ही यादी कुणाची? हा आकडा कोण बदलतं? तो बदलत असताना दुसरा कुणी वाचतोय का? उत्तर सापडलं की त्या वस्तूपुरतं छोटं कुलूप लावायचं, किंवा प्रत्येक प्रोसेसरला तिची वेगळी प्रत द्यायची. उत्तर सापडलं नाही, तर ती वस्तू मोठ्या कुलपातच ठेवून पुढे जायचं. "जे कळलं नाही त्याला हात लावायचा नाय. त्याची लाज वाटून घ्यायची नाय," आपा म्हणायच्या.

मी लिहिलेला पहिलाच तुकडा पेटीत घातला आणि पेटी गप्प झाली. बंद पडली नाही, नुसती थिजली. मी दोन दिवस डोकं धरून बसले. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आपांनी माझा भाकरीचा डबा उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला आणि त्यांची शेंगाचटणीची बरणी माझ्या हातात दिली.

"मला चटणी मिळाल्याशिवाय मी भाकरी सोडणार नाय," त्या म्हणाल्या. "आणि भाकरी मिळाल्याशिवाय तू चटणी सोडायची नाय. बस आता."

आम्ही बसलो. मला भूक लागली होती. आपा शांतपणे खिडकीबाहेर बघत होत्या. तेवढ्यात अण्णा आले.

"काय चाललंय?"

"अडकलोय अण्णा," आपा म्हणाल्या. "दोघींकडं एक एक वस्तू हाय, दोघींना दुसरीची पाहिजे, आणि सोडत कुणीच नाय. वैशालीच्या प्रोग्रॅममधे हेच झालंय."

मला एकदम दिसलं. मी एका जागी आधी पहिलं कुलूप घेऊन मग दुसरं मागितलं होतं, आणि दुसऱ्या जागी नेमकं उलटं. दोन प्रोसेसर समोरासमोर आले की दोघंही कायमचे थांबत.

"मग करायचं काय?"

"क्रम ठरवायचा. कधीही, कुणीही, आधी चटणी, मग भाकरी. ज्याला चटणी मिळाली नाय, त्यानं भाकरीला शिवायचंच नाय."

अण्णा भाकरीचा तुकडा मोडून घेऊन गेले. "मी क्रमाबाहेरचा," म्हणाले. तेव्हापासून आमच्या ऑफिसात कुलपांच्या क्रमाला 'चटणी-भाकरी' हेच नाव पडलं.

गळीत हंगाम तोंडावर आला तसे अण्णा अस्वस्थ व्हायला लागले. ऑफिसातल्या चाचण्या छान चालत होत्या. पेटी आता चारही प्रोसेसरनिशी पळत होती. तरी आपा 'थांबा' म्हणत होत्या.

"का थांबायचं? एकदा तरी बंद पडली का?"

"तेच मला आवडत नाय. इतकं गुणी पोर मी पाहिलेलं नाय."

आपा भाचीच्या लग्नाला विजापूरला गेल्या आणि त्या चार दिवसांत अण्णांनी पेटी अकलूजला बसवून टाकली. हंगाम सुरू झाला. दोन दिवस सगळं सुरळीत. तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला की पेटी बंद पडली, काटा थांबला आणि उसाच्या ट्रॅक्टरांची रांग रस्त्यावर गेली आहे.

आपा आदल्या रात्रीच परतल्या होत्या. अण्णांनी खाली मान घालून सगळं सांगितलं. आता 'कृपया' ऐकायला मिळणार, असं मला वाटलं. आपा नुसतं म्हणाल्या, "गाडी काढा."

कारखान्यावर इंगळे साहेब म्हणून इलेक्ट्रिकलचे प्रमुख होते. उंच, काळेसावळे, दोन दिवस झोप न झालेले. बाहेर ट्रॅक्टरवाले हॉर्न वाजवत होते. एक जण काट्याच्या खोलीत डोकावून ओरडत होता, "ऊस वाळायला लागला की वो! वजन कवा करणार?"

अण्णा काहीतरी बोलायला लागले, "साहेब, कधी कधी वायरिंगमुळे..."

"वायरीची चूक नाय," आपा मधेच म्हणाल्या. "आमच्या प्रोग्रॅमची हाय. काय चुकलंय ते मला अजून ठाऊक नाय. पण आता पहिलं, मी जुनं मोठं कुलूप परत लावते. पेटी हळू चालेल, पण पडणार नाय. काटा सुरू करा, मग मला काय बोलायचं ते बोला."

अर्ध्या तासात काटा सुरू झाला. रांग हलली. इंगळे साहेब आमच्यासमोर खुर्ची ओढून बसले. मला वाटलं, काम गेलं. ते म्हणाले, "बाई, मी हितं लई जनांकडनं सामान घेतलं. बिघडलं की जो तो वायरीवर ढकलतो, न्हाईतर माझ्या मानसांवर. आमची चूक हाय असं म्हननारं तुमीच पयलं. बसा, चहा घ्या. सापडतीय का बघा तुमची चूक."

आपांनी चहा घेतला आणि दुपारभर त्या काट्याच्या खोलीतच बसून राहिल्या. पडद्याकडे बघत नव्हत्या, माणसांकडे बघत होत्या. पाळी बदलली. जाणाऱ्या कारकुनानं आपल्या लॅपटॉपची वायर खसकन उपटली, येणाऱ्यानं ती आपल्या लॅपटॉपला खुपसली. आपांनी माझा दंड असा धरला की वळ उठला.

"वैशाली! आपण ऑफिसात कधी वायर उपटली का गं?"

आम्ही कधीच उपटली नव्हती. आमच्या चाचण्यांत सगळी यंत्रं आज्ञाधारकपणे जोडलेली असायची. पेटीत शेजारच्या यंत्रांच्या पत्त्यांची यादी असते. वायर निघाली की एक प्रोसेसर त्या यंत्राचा पत्ता पुसून टाकायचा. त्याच क्षणी दुसरा प्रोसेसर तोच पत्ता वाचत असेल, तर त्याच्या हाती कचरा यायचा आणि पेटी कोसळायची. मोठं कुलूप होतं तोवर हे दोघं कधी एकत्र आत आलेच नव्हते.

सोलापूरला परतल्यावर आम्ही वायरी उपटत बसलो. आपा, मी, अण्णा, तिघंही. शेंगा सोलाव्यात तसे गप्पा मारत वायर काढत होतो, घालत होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी पेटी कोसळली आणि आपांनी टाळ्या वाजवल्या. बिघाड झाला म्हणून एवढा आनंद झालेलं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. "जे आपल्या हातानं मोडता येतं, ते दुरुस्त पण करता येतं," त्या म्हणाल्या.

दुरुस्ती आपांनी मलाच करायला लावली. पत्ता वापरणाऱ्यानं आधी आपली नोंद करायची. पुसणाऱ्यानं पत्ता यादीतून लगेच काढायचा, म्हणजे नव्या कुणाला तो मिळणार नाही. पण ज्यांनी तो आधीच घेतलाय त्यातला शेवटचा मोकळा होईपर्यंत नष्ट करायचा नाही. "पंगत बंद कर, पण जेवत्या माणसापुढचं ताट ओढू नको," एवढ्यातच आपांनी मला सगळं समजावलं.

नवी पेटी कारखान्यात बसवायला आपा स्वतः आल्या. नेटवर्कचा निम्माच कारभार त्यांनी मोकळा केला होता, उरलेला तसाच मोठ्या कुलपात. "तेवढा वेग पुरेसा हाय. बाकीचं सावकाश," त्या अण्णांना म्हणाल्या. अण्णांनी या वेळी घाई केली नाही. इंगळे साहेबांनी पाळी बदलताना मुद्दाम स्वतः वायर उपटली, पुन्हा उपटली आणि काटा चालूच आहे हे बघून आपांना नमस्कार केला. हंगामभर पेटी पडली नाही.

बाकीचं सावकाश करायला पुढची दोन वर्षं लागली. निम्म्यावर असतानाच आपांनी काम सोडलं. हुबळीला मुलाच्या घरी जुळी नातवंडं झाली होती. सुनेची नोकरी होती आणि आपांना तिकडे जायची मनापासून हौस होती. निरोपाच्या दिवशी खालच्या कारखान्यातल्या बायकांनी त्यांना दोन छोटे टॉवेल दिले. मला रडूच आलं.

"आपा, अडलं तर फोन करू ना?"

"कर की. पण आधी एकदा स्वतः चुकून बघ. मला मिळाली तेवढी मजा तुला पण मिळू दे."

मी चुकले, बऱ्याचदा. फोन मात्र कमीच केले. गेल्या उन्हाळ्यात नेटवर्कभोवतीचं ते मोठं कुलूप पूर्ण निघालं आणि आमचं सगळं काम मूळ सिस्टिममध्ये घेतलं गेलं. काही आठवड्यांनी त्या जगभरच्या मंडळींच्या चर्चेत कुणा अनोळखी माणसाचे दोन ओळींचे आभार आले. डोंगरातल्या एका शाळेत तो मुलांसाठी दोन प्रोसेसरचं जुनं यंत्र वापरून इंटरनेट चालवत होता. नवी आवृत्ती घातली आणि आता सगळ्या वर्गांना एकदम पुरतं, एवढंच त्यानं लिहिलं होतं.

मी आपांना फोन लावला आणि त्या ओळी वाचून दाखवल्या.

"कुठला माणूस?" त्यांनी विचारलं.

"देशाचं नाव नाही लिहिलं."

"स्वतःचं?"

"तेही नाही."

"आणि त्याला पण आपण कोण ते माहीत नाय?"

"नाही आपा."

"किती छान गं," त्या म्हणाल्या आणि फोन कानापासून लांब धरावा लागावा अशा हसायला लागल्या.