ताईंचा मळकट कागद

आमच्या कार्यालयात प्रती काढायचं मशीन जिन्याखालच्या खोलीत आहे. खोली इतकी लहान, की मशीनचं झाकण उघडलं की दुसऱ्या माणसाला बाहेर यावं लागतं. या खोलीचा आणि शेजारच्या स्टेशनरीच्या कपाटाचा कारभार एकोणीस वर्षं ज्यांच्याकडे आहे, त्यांना सगळे ताई म्हणतात. वयाने माझ्याहून लहान, तरी मीही ताईच म्हणतो. नवं पेन हवं असेल तर आधी संपलेलं दाखवावं लागतं. मी हिशेब विभागाचा प्रमुख आहे. मलाही दाखवावं लागतं.

ताईंची आई रद्दीच्या वखारीत कागद निवडायची. पांढरा एका पोत्यात, रंगीत दुसऱ्या पोत्यात, पिना नखाने उपसून डब्यात. शाळा सुटली की ताईही तिच्या शेजारी बसून तेच करायच्या. "हे सगळं जातं कुठं, असं एकदा विचारलं," त्या मला सांगत होत्या. "आई म्हणाली, परत कागद व्हायला. मला ते खोटंच वाटलं. आमच्या शाळेत तसला कागद कुणाकडेच नव्हता."

म्हणून गेल्या वर्षी साहेबांनी रद्दीपासून बनवलेला कागद वापरायचं ठरवलं, तेव्हा तो निवडायचं काम ताईंनी आपण होऊन मागून घेतलं. तीन नमुने आले. ताईंनी प्रत्येकाची पट्टी फाडून पाहिली, दोन्ही बाजूंनी शाईने लिहून पाहिलं, प्रत्येक नमुना पंधरा दिवस खिडकीत उन्हात ठेवला. सर्वांत पांढराशुभ्र नमुना त्यांनी आधी बाद केला. पुरवठादार म्हणाला, "बाई, हाच तर सगळे घेतात." ताई म्हणाल्या, "इतका गोरा करायला त्याला कशाकशात बुडवलंत ते लिहून द्या, मग घेते." त्याने लिहून दिलं नाही. ताईंनी किंचित मळकट नमुना घेतला आणि त्याच दिवशी नियम लावला: यापुढे छपाई दोन्ही बाजूंना.

आठवड्याभरात मशीन अडकू लागलं. आत कागदाचा बोळा व्हायचा, दिवा लुकलुकायचा आणि रांग जिन्यावर चढायची. आमच्याकडे टपाल पाहणारे एक गृहस्थ आहेत, त्यांना टपालराव म्हणतात. ते रांगेतूनच बोलायचे, "ताई, तुमचा कागद आंघोळ न करता कामावर येतो. म्हणून मशीन त्याला आत घेत नाही."

"तुम्ही रोज करून येता, टपालराव, तरी उशिरा आलात की साहेब तुम्हाला कुठे आत घेतात?" ताई बोळा ओढता ओढता म्हणायच्या. रांग हसायची. पण ताईंच्या कपाळावर घाम असायचा.

मशीन दुरुस्त करणाऱ्याने दोनदा येऊन कागदावर बोट ठेवलं. शेवटी साहेबांनी ताईंना आणि मला बोलावलं.

"वार्षिक सभा अठरा दिवसांवर आहे. अहवालाच्या एकशेवीस प्रती लागतील. अहवाल सभेच्या सकाळीच पक्का होईल; दुपारी दोनच्या आत प्रती या कागदावर निघाल्या तर हा कागद राहील. नाही निघाल्या तर जुना कागद परत येईल आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही."

"चालेल," ताई म्हणाल्या. माझ्या मते त्यांनी थोडी मुदत मागायला हवी होती.

त्याच दिवशी त्यांनी माझ्याकडून एक कोरी वही घेतली आणि प्रत्येक अडकण्याची नोंद सुरू केली. वेळ, मशीनचा कोणता भाग, कागदाची कोणती बाजू. नवव्या दिवशी वही माझ्या टेबलावर ठेवून म्हणाल्या, "तुम्ही आकड्यातले. यात काही दिसतं का बघा."

दिसण्यासारखं होतंच. एकतीस नोंदींपैकी सव्वीस सकाळी अकराच्या आतल्या होत्या. मी म्हणालो, "ताई, तुमचं मशीन फक्त सकाळी रुसतं."

त्या घरी गेल्या. त्यांचे यजमान शिंपी आहेत, घरातच पुढच्या खोलीत त्यांचं मशीन आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना ताईंनी त्यांना हे सांगितलं. ते खाकी कागदावर कपड्याचा नमुना आखत होते. हात न थांबवता म्हणाले, "अगं, हे नमुने मी पत्र्याच्या पेटीत का ठेवतो? उघडे टाकले की दमट हवा पितात आणि कडा वळतात. तुझे कागद रात्री कुठे असतात?"

ताईंनी कप खाली ठेवला.

कार्यालयातल्या मशीनच्या खोलीत खिडकीलगत भिंतीवर एक लाकडी मांडणी होती. रोज निघण्याआधी ताई दुसऱ्या दिवसाचे गठ्ठे फोडायच्या, कागद बोटांनी फडफडवून मोकळा करायच्या आणि त्या मांडणीवर रचून ठेवायच्या. हे त्यांना त्यांच्या आधीच्या शिपाईमामांनी शिकवलं होतं आणि त्यांनी सगळ्या कार्यालयाला. अकरापर्यंत तोच कागद चालायचा, मग नवा गठ्ठा फुटायचा. जुना कागद जाड होता, छपाईही एकाच बाजूला, म्हणून निभावून जात होतं.

त्या दिवशी ताईंनी मांडणीवरचे शंभर आणि नुकत्याच फोडलेल्या गठ्ठ्यातले शंभर कागद दोन्ही बाजूंनी छापले. पहिल्या शंभरात चारदा अडकलं, दुसऱ्यात एकदाही नाही. त्या सरळ साहेबांकडे गेल्या.

"चूक कागदाची नाही आणि मशीनची नाही. माझी आहे."

"एकोणीस वर्षं तुम्ही असंच करत होतात ना?"

"हो. जुना कागद माझं ऐकून घेत होता."

साहेब म्हणाले, "ठीक आहे. सभेची अट मात्र तीच."

सभेच्या दिवशी ताई आठ वाजता आल्या. मीही आलो होतो. खोलीचं दार उघडलं तर मांडणीवर पाच गठ्ठ्यांचा कागद फोडून, फडफडवून मोकळा करून, नीट रचून ठेवलेला. दाराशी टपालराव उभे होते, चेहऱ्यावर समाधान. आठवडाभर रजेवर होते, आदल्या संध्याकाळीच परत आले होते; मांडणीवर कागद ठेवणं बंद झालंय हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"म्हटलं आज ताईंची परीक्षा," ते म्हणाले. "काल थांबून सगळं तयार करून ठेवलं. अगदी तुम्ही शिकवलंत तसं."

ताईंनी मांडणीवरचा एक कागद उचलून त्याची वळलेली कडा पाहिली. मला वाटलं, आता टपालरावांचं काही खरं नाही.

"मीच शिकवलं," त्या म्हणाल्या. "आता ऐका. कपाटात किती बंद गठ्ठे आहेत?"

तीन होते. म्हणजे दीड हजार कागद. प्रत्येक प्रतीला एकोणीस धरून लागणार होते दोन हजार दोनशे ऐंशी. जुन्या पांढऱ्या कागदाचे दोन गठ्ठे कपाटाच्या तळाशी होते. टपालरावांनी ते बाहेर काढायला हात घातला.

"ते राहू द्या."

"अहो ताई, सभेत कोण बघतंय?"

"मी बघते आहे."

त्यांनी बंद गठ्ठे आधी मशीनला लावले. मशीनच्या मागच्या झरोक्यातून गरम हवा जिन्याखाली बाहेर येते, तिथे दोन खुर्च्या मांडल्या आणि उघडे कागद थोडे थोडे करून त्यावर ठेवायला सांगितले. दर दहा मिनिटांनी टपालराव ते उलटे करत होते. मी निघालेल्या प्रती जुळवून पिना मारत होतो. चाळीस वर्षांत हे काम मी प्रथमच केलं. साडेअकराला बंद गठ्ठे संपले आणि ताईंनी शेकलेला कागद लावला.

पहिल्यांदा अडकला, तेव्हा साहेब दारात उभे होते. ताईंनी झाकण उघडलं, कागद ओढला, वहीत वेळ लिहिली, झाकण लावलं. पुढे आणखी दोनदा तेच झालं. एक वाजून चाळीस मिनिटांनी एकशेविसावी प्रत मी पिन मारून साहेबांच्या हातात दिली.

"तीनदा अडकलं," साहेब म्हणाले.

"हो. तिन्ही वेळा काल फोडलेला कागद," ताईंनी वही पुढे केली.

साहेबांनी पान वाचलं, मागचीही चार पानं वाचली. मग म्हणाले, "ही मांडणी आता कशाला हवी?"

सभा संपल्यावर मी साहेबांकडची वही परत द्यायला खाली गेलो. ताई स्टुलावर चढून पेचकसाने मांडणीचे स्क्रू काढत होत्या. टपालराव खालून ती धरून उभे होते.