मामांचं आमेन आणि मिलिंदचा तबला

आमच्या मराठी उपासनेत दानाची थैली कधी फुगलेली कोणी पाहिली नाही, पण किस्से मात्र रग्गड जमतात. महिन्यातून एकदा, रविवारी, सिंगापुरातल्या हौगांगच्या एका चर्चचा हॉल आम्हाला मिळतो. पुणे, नगर, सोलापूर, मुंबई असे कुठून कुठून आलेले आम्ही मराठी ख्रिस्ती तिथे जमतो. गीतं गातो, प्रवचन ऐकतो आणि मग डबे उघडतो. माणसं सगळी आयटीतली, बँकेतली, शिपयार्डातली. आठवडाभर गप्प बसलेली, त्यामुळे त्या दिवशी काही ना काही घडतंच.

हे लिहिण्याआधी गायकवाडमामांची परवानगी घेतली. ते म्हणाले, "लिही, पण मला फार साधुसंत करू नकोस." ती भीती त्यांनी बाळगायचं काही कारण नव्हतं!

*

मामा म्हणजे आमचे वडीलजन. नव्वदच्या दशकात शिपयार्डात नोकरीला आले आणि चोआ चू कांगला फ्लॅट घेऊन इथलेच झाले. हॉल देणाऱ्या चर्चचे पास्टर टॅन आणि आम्ही, यांच्यामधला दुवा म्हणजे मामा. शेवटची प्रार्थनाही त्यांचीच.

ही प्रार्थना नगर जिल्ह्यातल्या पाणीटंचाईपासून सुरू होते, दोन्ही देशांच्या पंतप्रधानांना आशीर्वाद देते आणि मग एकेकाच्या एम्प्लॉयमेंट पासच्या, म्हणजे इथल्या नोकरीच्या परवान्याच्या, रिन्यूअलवर येते. नावानिशी! कोणाचा पास कधी संपतोय हे एचआरच्या आधी आम्हाला तिथे कळतं.

हॉलचा एसी टायमरवर आहे. बरोबर एकला बंद. एसी थांबला की पाच मिनिटांत घाम फुटतो आणि मामा "आमेन" म्हणतात. आमच्याकडे बायबलच्या खालोखाल अधिकार त्या टायमरचा.

एकदा टायमर बिघडला. एक वाजला, सव्वा वाजला, हॉल आपला गारेगार. मामांनी आफ्रिका घेतली, दक्षिण अमेरिका घेतली, आजारी, प्रवासी, परीक्षार्थी सगळे घेतले. पोरं खुर्च्यांवर आडवी झाली. शेवटी कोणीतरी जाऊन हातानेच बटण बंद केलं.

बाहेर आल्यावर मामा कपाळ पुसत मला म्हणाले, "शीतल, अगं एसी बंदच होईना! मला थांबायचं कुठे तेच कळेना!"

*

एकदा भारतातून एक बिशपसाहेब सिंगापूर बघायला आले होते. आमच्या उपासनेला येतो म्हणाले. मामींची, म्हणजे मामांच्या बायकोची, धांदल उडाली.

इथे हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सच्या मंडईत, टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलं की ती जागा तुमची. मग तुम्ही निवांत जेवण आणायला जा, त्या पाकिटाला कोणी हात लावत नाही. मामींनी पहिल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीवर टिश्यूचं पाकीट ठेवलं आणि निर्धास्तपणे चहा बघायला गेल्या.

अकरा वाजले, बिशप नाहीत. सव्वाअकरा झाले. पास्टर टॅन दाराकडे बघतायत, मामा फोन लावतायत. शेवटी मामींना मागच्या रांगेत बुशशर्ट घातलेले एक गृहस्थ दिसले, गीतांचं पुस्तक चाळत बसलेले.

"अहो साहेब, तुमची जागा पुढे ठेवली होती की!"

"पाहिली मी," बिशप नम्रपणे म्हणाले. "पण तिथे कोणीतरी सर्दी झालेलं बसलंय असं वाटलं."

*

माझा नवरा आशिष आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपचा अॅडमिन. ईस्टरच्या आधीच्या उपासकाळात कोणी मटण सोडतं, कोणी गोड सोडतं. एका वर्षी आशिषने व्हॉट्सअॅप सोडलं. मी म्हटलं, "भांडी घासायचा आळस सोड, देवाला जास्त आवडेल." ऐकतोय कोण!

उपासकाळात दर आठवड्याला कोणाच्या तरी घरी प्रार्थना असते. त्या आठवड्यात ती सेंगकांगला आमच्याकडे होती, पण आमच्या लिफ्टचं काम निघालं म्हणून ती मामांकडे हलवली. आशिषने हे निम्म्या लोकांना फोन करून कळवलं आणि उरलेल्यांना उद्या करू म्हणून झोपला.

त्यामुळे आम्ही काही जण चोआ चू कांगला मामांकडे, आणि बाकीचे पायऱ्या चढून सेंगकांगला आमच्या बंद दाराशी. बिचाऱ्यांनी कॉरिडॉरमध्येच उभं राहून प्रार्थना केली. थोरल्या चर्चमंडळ्यांमध्ये फूट पडायला धर्मसभा लागतात, आमचं काम एका अॅडमिनने केलं.

नंतर ताळा जमवला तेव्हा कळलं, दोन्हीकडे शेवटची विनंती अगदी सारखी होती: "हे प्रभू, जे आज आले नाहीत, त्यांच्या श्रद्धेत वाढ कर!"

*

मिलिंद कांबळे आमच्यात आला तो मटणासाठी. हे मी म्हणत नाही, तोच सांगतो. नागपूरचा, बौद्ध, इथल्या एका विद्यापीठात संशोधन करणारा, आणि मामांच्या शेजारच्या ब्लॉकमध्ये एकटा राहणारा. मामींनी लिफ्टमध्ये त्याचा मराठीतला फोन ऐकला आणि रविवारी जेवायलाच ये म्हणाल्या.

नेमका त्या सुमारास आमचा तबलजी नोकरी बदलून पुण्याला परत गेला होता. तबला कोपऱ्यात पडून, आणि आम्ही टाळ्यांवर गात होतो. म्हणजे प्रत्येक जण आपापल्या टाळ्यांवर. मिलिंद मागे बसून ऐकत होता. तिसऱ्या गीताला तो उठला, पुढे गेला, मांडी घालून तबल्यासमोर बसला.

"मामा, देवाचं मला माहीत नाही," तो म्हणाला, "पण ताल तरी जाग्यावर राहू द्या."

तेव्हापासून तबला त्याचा, आणि उपासनेआधीच्या साउंड चेकला, म्हणजे माइक तपासायला, दर वेळी उशिरा येणाराही तोच. मामा त्याला आमच्या ख्रिस्ती रीतीने "सलाम" म्हणणार, तो मामांना "जय भीम" म्हणणार, आणि लगेच बाप्तिस्म्याचा विषय निघणार.

"मिलिंदा, पाण्यात कधी उतरतोस?"

"मामा, आमच्या आजोबांनी एकदा धर्म बदललाय सगळ्या घरासाठी. मस्त फिट बसलाय. कशाला उगाच बदलून घ्यायचा?"

मामा ठो ठो हसायचे आणि पुढच्या महिन्यात पुन्हा विचारायचे. एकमेकांचं त्यांना काही पटायचं नाही आणि एकमेकांशिवाय करमायचंही नाही. उपासनेवरून परतताना दोघं हौगांगहून चोआ चू कांगपर्यंत एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, वाद घालत जायचे.

*

मामी संडे स्कूल घेतात. पाच भाकरी, दोन मासे आणि पाच हजार माणसं जेवली, ही गोष्ट रंगात आली होती. आमचा जोएल तेव्हा सात वर्षांचा. त्याने हात वर केला आणि इथल्या पोरांसारखं, वाक्याला 'लाह'ची शेपटी लावत विचारलं.

"मामीआजी, फ्री फूड, सो मेनी पीपल, अँड नो क्यू? कांट बी, लाह!"

मामी म्हणाल्या, "हाच तर चमत्कार, बाळा."

*

पुढच्या किश्श्यात हशा नाही, पण तो गाळला तर शेवटचा सांगता येणार नाही.

चर्चच्या कमिटीने एक नियम काढला. स्टेजवरून जो कोणी सेवा करेल, मग गाणं असो, वाजवणं असो, तो बाप्तिस्मा घेतलेला सभासदच हवा. नियम सगळ्यांना होता, इंग्रजी उपासनेला, चिनी उपासनेला आणि आम्हालाही. पास्टर टॅननी मामांना बोलावून तो सांगितला. पास्टर तसे मऊ माणूस, पण नियमाचे पक्के. सांगताना त्यांनाही अवघड वाटत होतं, असं मामा म्हणाले.

मला वाटलं, मामा भांडतील. निदान विचारतील तरी, की या एकाला सूट द्या. मामांनी विचारलं नाही. उपासना संपल्यावर त्यांनी आम्हा सगळ्यांसमोर मिलिंदला नियम सांगितला आणि वर म्हणाले, "बाबा रे, चर्चचा अधिकार मानलाच पाहिजे. नियम म्हणजे नियम."

मिलिंदने तबल्यासाठी हातांना लावलेली पावडर रुमालाला पुसली. "बरोबर आहे मामा," तो हसून म्हणाला. "उद्या आमच्या विहारात येऊन कोणी गिटार वाजवायला लागला, तर आम्हीही कमिटी बसवू."

हसला, पण जेवायला थांबला नाही. मला मामांचा इतका राग आला की मी त्यांना वाढलंसुद्धा नाही. ज्या माणसाने दर महिन्याला येऊन आपली गाणी सांभाळली, त्याला निरोप द्यायची ही रीत? घरी येऊन आशिषशी भांडले. त्याचा काही संबंध नव्हता, पण तो समोर होता.

पुढच्या उपासनेला आम्ही पुन्हा टाळ्यांवर. आम्ही दुसऱ्या कडव्यात आणि मामा तिसऱ्यात. त्या दिवशी मामांची प्रार्थना एसी बंद व्हायच्या आतच संपली. मिलिंद आला नव्हता. त्याच्या पुढच्या महिन्यातही आला नाही. मामी म्हणाल्या, "हे एमआरटीत एक अक्षर बोलत नाहीत गं."

*

आणि मग मामांच्या छातीत दुखायला लागलं. भर दुपारी, घरी मामी एकट्या. मुलगा ऑस्ट्रेलियात. मामींनी मला फोन केला, मी ऑफिसात, शहराच्या दुसऱ्या टोकाला. मी निघेपर्यंत मामींनी शेजारच्या ब्लॉकमध्ये फोन केला होता. मिलिंद चपला न बदलता धावला, टॅक्सी केली आणि मामांना हॉस्पिटलात घेऊन गेला.

मी पोचले तेव्हा संध्याकाळ झाली होती. दुसऱ्या दिवशी बायपास ठरली होती. वॉर्डाचा नियम, पेशंटपाशी दोनच माणसं. म्हणून मी दारातच उभी. आत एका बाजूला मामी, दुसऱ्या बाजूला मिलिंद. मामांचा एक हात मामींच्या हातात आणि दुसऱ्या हाताने त्यांनी मिलिंदचं मनगट धरलेलं. चेहरा पांढरा पडला होता. मामांना घाबरलेलं मी पहिल्यांदाच बघत होते, आणि माझा सगळा राग तिथेच विरघळला.

"मिलिंदा, प्रार्थना कर," मामा म्हणाले.

"मामा, मला येत नाही."

"आज मलापण येत नाहीये रे."

"मग?"

"मग बस नुसता."

तो बसला.

तेवढ्यात माझ्या शेजारून पास्टर टॅन आत गेले, बगलेत बायबल घेऊन, चर्चच्या ऑफिसातून तसेच धावत आलेले. त्यांच्यामागून नर्स आली. "सॉरी अंकल, ओन्ली टू. वन मस्ट गो आउट."

मिलिंद लगेच उठायला लागला. "पास्टर, यू सिट. आय विल गो."

मामांनी मनगट सोडलं नाही. मग मामी उठू लागल्या, तर मामांनी त्यांचाही हात सोडला नाही. ज्यांच्या शब्दाबाहेर आमचे मामा इतक्या वर्षांत कधी गेले नव्हते, त्या पास्टरकडे त्यांनी मान वळवून पाहिलं.

"पास्टर," मामा म्हणाले, "यू गो."

"अहो!" मामी म्हणाल्या.

मामांच्या दोन्ही हातांकडे पास्टर टॅननी पाहिलं. मग मान हलवली आणि वळून दारापाशी, माझ्याजवळ आले. तिथे थांबून त्यांनी मागे बघितलं.

"मिलिंद," ते म्हणाले, "संडे, टेन ओ'क्लॉक, साउंड चेक. यू ऑल्वेज लेट, लाह!"